नावाखालची लाल पट्टी

संत्र्याच्या झाडाचं पाणी तोडलं की काही दिवसांत ते पानं मुडपून घेतं. हिरवा रंग आधी मळकट होतो, मग पिवळट. नवख्या माणसाला वाटतं, झाड चाललं. आमच्याकडे याला ताण देणं म्हणतात. मृगाचा बहार हवा असेल तर ऐन उन्हाळ्यात झाडाला तहानलेलं ठेवायचं, मग पाऊस आला की ते अंगभर फुलतं. मला हा प्रकार लहानपणापासून दुष्टपणाचा वाटत आला आहे. संत्री खाताना मात्र तसं काही वाटत नाही, हेही खरं.

यंदाचा ताण सुरू झालाय. परवा अमरावतीहून गावी जाऊन आले. मोर्शीच्या अलीकडे दोन्ही बाजूंनी बागा लागतात. खिडकीतून भाजका वारा येत होता, आणि सगळ्या बागा गप्प उभ्या होत्या. अशा वेळी मला दरवर्षी तो एक उन्हाळा आठवतो. त्या वर्षी आम्ही झाडांना ताण दिला नव्हता, विहिरीनंच दिला होता. बागेच्या टोकाशी उभं राहून बाबा विहिरीत खडा टाकायचे आणि कान देऊन ऐकायचे. पाण्याचा आवाज यायच्या ऐवजी दगडावर दगड आपटल्याचा आवाज यायचा. मग ते घरी येऊन खाटेवर बसायचे.

यंदा ती आठवण जरा जास्तच छळते आहे, कारण मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं आहे. संत्रा बागायतदारांचं एक नवं संकेतस्थळ निघतंय. मी शेतीचं शिकलेली आणि अमरावतीत नोकरीला असलेली, म्हणून मला समितीत घेतलं. नियम ठरवणं चाललंय. एखाद्या सदस्यानं गैरवर्तन केलं तर व्यवस्थापन त्याला इशारा देणार. असे किती इशारे झाले, त्याची पातळी त्याच्या नावाखाली सगळ्यांना दिसावी, की फक्त त्याला आणि व्यवस्थापनाला? बाकीच्यांची मतं येऊन गेली. सकाळपासून अध्यक्षांचे निरोप येताहेत, ‘मॅडम, तुमचं राहिलंय.’ त्यांना वाटतंय मी कामात आहे. मी खिडकीत बसून आहे.

बाबा एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर त्यांनी गावाकडची आमची बाग हातात घेतली. झाडं फार नव्हती, पण एकेका झाडाशी त्यांची ओळख होती. बसमधली सवय बागेतही गेली नव्हती. संध्याकाळी निघताना ते बांधावर थांबून मागे वळून पाहायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, “कोणी राह्यलं का?” घंटी मारायच्या आधी कंडक्टर विचारतो ना, तसं. आई म्हणायची, “अजी, झाडं काय बसमधी बसून येतात का घरी?” ते हसायचे. पण वळून पाहिल्याशिवाय पाय उचलायचे नाहीत.

बागेत डिंक्या नावाचा रोग येतो. बुंध्याला चीर पडून डिंक वाहतो आणि झाड आतून वाळत जातं. असं झाड दिसलं की बाबा त्याच्या फांदीला लाल चिंधी बांधत. आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या असायच्या. औषधाचा लेप कुठे द्यायचा, पाणी कुठे बेतानं सोडायचं, हे त्यावरून कळायचं. झाड बरं झालं, नवी पालवी फुटली की त्याच दिवशी चिंधी सोडायची, हा त्यांचा नियम. सोडलेली चिंधी ते धुऊन खिशात ठेवत. मी एकदा विचारलं की उद्या सोडली तर काय बिघडतं. म्हणाले, “झाडाले समजत नाई बाई, पण पाहणाऱ्याले समजते.”

पाहणारे म्हणजे बहार विकत घेणारे. त्यांतले एक रशीद चाचा, वरुडचे. त्यांच्या घरात तीन पिढ्या संत्र्याचा व्यापार. चाचा बाग पाहायला येत तेव्हा हात मागे बांधून सावकाश चालत. झाडाभोवती एक फेरी मारली की त्यावर किती फळ आहे ते सांगत, आणि तोडणीच्या वेळी ते जवळपास तितकंच निघे. व्यापारी येणार म्हटलं की बरेच बागवाले आदल्या दिवशी चिंध्या काढून ठेवत. बाबा काढत नसत. चाचांना त्याचंच कौतुक होतं. “कंडक्टर,” ते म्हणायचे, “ज्या बागेत एकबी चिंधी नसते ना, तिथं मी चहासुद्धा पीत नाई. बेमारी झाकणाऱ्याचा क्या भरोसा?” बाबा म्हणत, “चिंधी तुमच्यासाठी नाई बांधली, झाडासाठी बांधली.” दोघं त्यावर पोटभर वाद घालत आणि मग एकाच ताटलीतले फोडणीचे मुरमुरे खात.

ती वर्षं आमच्या भागात वाईट होती, शेतकरी जीव देत होते. पेपर उघडायची भीती वाटायची. कोणत्या गावचं नाव असेल, आणि त्या नावाच्या पुढे ओळखीचं आडनाव असेल का. बाबांना एक माणूस विसरता येत नव्हता. नोकरीच्या शेवटच्या वर्षात एका फाट्यावरून तो रोज त्यांच्या गाडीत बसायचा. त्याचं नावही त्यांना माहीत नव्हतं. एके दिवशी उतरताना त्यानं बाबांना हात जोडले. गाडीला उशीर झाला होता. चार दिवसांनी त्याचा फोटो पेपरात आला. “त्यानं हात जोडले आन मी घंटी मारली,” बाबा म्हणाले. एवढं एकच वाक्य, तेही एकदाच. पण मग रस्त्यात कोणीही भेटलं तरी ते थांबू लागले.

त्याच सुमारास मी शिक्षण संपवून नोकरीची वाट पाहत घरी होते. मोर्शीत नेट कॅफे निघाला होता. तिथं मी बाबांना बागायतदारांचा एक मंच दाखवला. कोणी प्रश्न मांडायचा, त्याला धागा म्हणायचं, बाकीच्यांनी त्याखाली प्रतिसाद लिहायचे. बाबांना ते फार आवडलं. पडद्यावर गावोगावची माणसं बोलत होती, आणि ती माणसं आमच्यासारखीच विहिरीत खडे टाकून ऐकणारी होती. मोठा मजकूर असला तर मी टाइप करायचे. पण बाबांना स्वतःच्या हातानं लिहायचं होतं. मी त्यांना एका बोटानं एक ओळ लिहायला शिकवली. ‘जय भीम. आलो होतो.’ तेवढी त्यांना पक्की जमली.

मग काय, बाबा प्रत्येकाकडे जाऊन आले. कोणाच्या संत्र्याला गळ लागली, तिथं ‘जय भीम. आलो होतो.’ कोणी मोटार जळाल्याचं लिहिलं, तिथंही तेच. कोणाकडे मुलगी झाली म्हणून पेढे, तिथंही तेच. गावात कोणाच्या दारावरून जाताना न बोलता पुढे जायचं नसतं. बाबांच्या दृष्टीनं प्रत्येक धागा म्हणजे कोणाचं तरी दार होतं, आणि दार उघडं असताना तसंच पुढे जाणं त्यांना जमणारं नव्हतं. आठवड्यातून दोनदा एसटीनं मोर्शीला जायचे, कॅफेतल्या कूलरसमोर बसायचे, आणि सगळ्या गावाची फेरी मारून यावं तसे समाधानानं परत यायचे.

एके दिवशी त्यांच्या नावाखाली एक पट्टी आली. आधी तिथं एक रिकामा चौकोन असायचा, सगळ्यांच्याच नावाखाली असतो तसा. आता त्याचा थोडा भाग लाल भरला होता आणि बाजूला लिहिलं होतं, ‘इशारा पातळी २०%’. कशाबद्दल, ते कुठेच नव्हतं. आम्ही शोध शोध शोधलं. शेवटी बाबांनी मला सांगून एक धागा काढला. “नमस्कार. माझ्याकडून काय चुकलं ते कोणी सांगावं, म्हणजे मी सुधारीन.” दुसऱ्या फेरीला जाऊन पाहिलं तर धागा गेलेला, आणि पट्टी चाळीस टक्क्यांवर. व्यवस्थापनाच्या निर्णयावर जाहीर चर्चा करायची नाही, असा म्हणे नियम होता. बाबांनी एका जुन्या सदस्याच्या धाग्यात जाऊन, अगदी हात जोडून, तेच पुन्हा विचारलं. पट्टी साठ टक्के झाली, आणि साठ टक्क्यांना लिहिणं बंद. वाचायचं सगळं, बोलायचं काही नाही.

मोर्शी हे काही मुंबई नाही. मंचावरचे निम्मे लोक एसटी स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात बसणारे होते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारलं, “कंडक्टर, साठ टक्के म्हणे? म्हंजे फर्स्ट क्लास भेटला का?” सगळे हसले, बाबाही हसले. पण हसून झाल्यावर प्रत्येकाच्या मनात एकेक कारण तयार झालं. पट्टी फक्त किती ते सांगत होती, कशासाठी ते सांगत नव्हती. ती रिकामी जागा लोकांनी आपापल्या परीनं भरली. कोणी म्हणे यांनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या. कोणी म्हणे खोट्या कलमा विकल्या. माझा चुलतभाऊ तर ठामच होता, “जय भीम लिहिलं म्हणून दिली, काका. दुसरं काय?” बाबा म्हणाले, “मले नाई वाटत तसं.” पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती. त्यानंतर ते कॅफेत बसले की ते दोन शब्द इतरांच्या प्रतिसादांत शोधत बसायचे. ज्यांनी ज्यांनी लिहिले होते त्यांच्या नावाखाली काय आहे, ते पाहायचे. मला ते बघवत नसे. आयुष्यभर जे शब्द श्वासासारखे तोंडात होते, त्यांच्याकडे त्यांना असं चोरून पाहावं लागत होतं, याचा मला संताप यायचा आणि तो काढायला जागा नव्हती.

चाचांचं मत उलटं होतं. मंचावर एकजण कसलंतरी बनावट औषध विकत होता आणि त्याच्या नावाखालची लाल पट्टी पाहून बरेच लोक वाचले होते. चाचांच्या भावाची बागही त्यात वाचली होती. “पट्टी दिसलीच पायजे,” ते म्हणत. “खोटा माणूस बजारात उघडा फिरला पायजे.” मला वाटलं बाबा चिडतील. ते शांतपणे म्हणाले, “दिसू दे ना. मी कुठी नाई म्हणतो? पण काहून लावली ते लिहा. मले डेपोत मेमो भेटला असता तर त्याच्यावर कारण असतं. फळ्यावर लावला असता तरी कारण असतं.” नोकरीत त्यांना एकही मेमो मिळाला नव्हता, हे मी इथं सांगायला हवं. ते स्वतः कधी सांगत नसत.

हळूहळू त्यांनी हॉटेलात जाणं सोडलं. दुपारी दार लोटून खाटेवर पडायचे. कूलर दिवे गेले की बंद, आणि दिवे दिवसातून कित्येक तास जायचे. बाहेर ऊन, आत अंधार, वाळ्याचा ओला वास विरत जायचा. आई म्हणायची, “बागेत तरी जाऊन या.” ते जायचे, खडा टाकून परत यायचे. त्याच दिवसांत विहिरीजवळचं एक झाड डिंक्यातून बरं झालं होतं. दोन हंगाम बाबा त्याची खपली खरडून लेप देत होते. त्याला इतकी देखणी पालवी फुटली होती, की मी त्याच्याखाली पुस्तक घेऊन बसायचे. त्याची चिंधी तशीच होती. दुसऱ्या कुठल्याही वर्षी ती खिशात गेली असती. त्या वर्षी बाबांची नजर तिच्यावरून जायची आणि अडकायची नाही.

मंचावर ‘इकडचं तिकडचं’ नावाचा एक कोपरा होता. शेतीबाहेरचं बोलायचं असेल तर तिथं. एके दिवशी तिथं दर्यापूरकडच्या एका सदस्याची ओळ आली. तो संत्रेवाला नव्हता, खारपाणपट्ट्यातला, कापूस-तुरीचा. त्यानं लिहिलं होतं, ‘तुमचं सगळ्यांचं वाचून राहिलो. आता बोलायले कोणी राहिलं नाही.’ बस, इतकंच. खाली एकही प्रतिसाद नव्हता. कदाचित लोकांना कळलं नसेल याला काय उत्तर द्यायचं. त्यात प्रश्न कुठे होता? बाबांनी ते वाचलं आणि सवयीनं लिहायच्या चौकटीवर बोट नेलं. चौकट राखाडी होती. त्यांनी दाबून पाहिली. पुन्हा दाबली.

“तू लिही,” ते मला म्हणाले. मी तिथंच माझ्या नावानं खातं उघडायला घेतलं. अर्ज नामंजूर. एकाच संगणकावरून दुसरं खातं उघडून इशारा टाळता येणार नाही, असा निरोप आला. कॅफेवाल्याला विनवलं, तो म्हणाला आपल्याला कशाला भानगड. चहाच्या हॉटेलात मंचावरची चार माणसं बसली होती, त्यांच्याकडे गेले. एकजण म्हणाला, “कंडक्टरनं सांगतलं का? मंग नको बा.” आम्ही तीन दिवस वाट पाहिली. ती ओळ तशीच एकटी उभी होती. बाबांचं जेवण तुटलं. त्यांना पट्टीचं काही राहिलं नव्हतं. पुन्हा कोणीतरी हात जोडले होते आणि या वेळी घंटी त्यांनी मारली नव्हती, तरी गाडी चालली होती.

व्यवस्थापनातला एकजण अकोल्याचा होता. ठिबकच्या दुकानात काम करतो, असं त्यानं आपल्या ओळखीत लिहिलं होतं. दुसरा कोणी असता तर निरोप पाठवत बसला असता. बाबांनी बॅगेत पाण्याची बाटली टाकली आणि म्हणाले, “चाल, अकोल्याले जाऊ.” त्याच दिवशी लाकूडवाले येणार होते. विहिरीत सगळ्या झाडांपुरतं पाणी उरलं नव्हतं. रोगट झाडं काढून उरलेली जगवायची, असं ठरलं होतं. बाबांनी वरुडला फोन करून चाचांना बोलावून घेतलं. “चिंधीवाली तेवढी दाखवजो त्याइले,” एवढं सांगून आम्ही निघालो.

अमरावतीला गाडी बदलली. बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव. खिडकीची पत्र्याची चौकट हात लावू देत नव्हती. बाबा तिकिटं फाडणाऱ्या पोराकडे न पाहता बाहेर बघत बसले होते. काळी जमीन भेगाळून पडलेली, मैलोन् मैल. “हे सगळं त्याच्यासारख्याइचं,” एकदाच म्हणाले.

दुकान सापडलं. निखिल नाव त्याचं, जेमतेम तिशीचा, अगदी सभ्य मुलगा. बाबांचं नाव ऐकून दचकला. त्याला वाटलं भांडायला आलेत. बाबांनी त्याला जय भीम केला, त्यानं गडबडीत केला, खुर्च्या दिल्या, चहा सांगितला.

“काका, खरं सांगू का,” तो म्हणाला, “तेच तेच प्रतिसाद आले की जुने धागे वर येतात. ज्याचा खरा प्रश्न असतो त्याचा धागा खाली जातो. लोकांनी तक्रार केली. मी नाही दिला इशारा, पण माझ्या हातात असता तर मीही दिला असता.”

बाबांनी विचारलं, “म्हंजे राम राम लिहिलं असतं तरी?”

“तरीही.”

“हे लिहिलं असतं पट्टीखाली, तर काही बिघडलं असतं का?”

“कारणाचा रकाना आहे काका. पण तो फक्त व्यवस्थापनाला दिसतो.” बोलता बोलता त्यालाच ते विचित्र वाटलं असावं, कारण तो थांबला. “पट्टी लोकांसाठी आहे. लोकांनी सावध राहावं म्हणून.”

“लोक झाले सावध,” बाबा म्हणाले. “आता मायं काय?”

निखिलनं नियम सांगितला. पट्टी आपोआप उतरते, काही महिने नीट वागलं की. पण लिहिताच येत नसेल तर माणूस नीट वागला की नाही हे कशावरून ठरवणार, असं मी विचारलं. तो म्हणाला, “ताई, नियम आम्ही असे बनवले खरे. तेव्हा समोर माणूस नव्हता.”

“राहू दे,” बाबांनी विषय मिटवला. “मायी पट्टी राहू दे. तू मायं एक काम कर.” आणि त्यांनी ती ओळ दाखवली. निखिलनं वाचली. ती त्यानं आधीही पाहिली असणार, रोज तेच तर काम त्याचं. तो हळू आवाजात म्हणाला, “काय लिहू?” बाबा म्हणाले, “आलो होतो, असं लिही. आन विचार, आहे ना?” त्यानं स्वतःच्या स्वच्छ, रिकाम्या पट्टीच्या नावानं लिहिलं. ‘आलो होतो, भाऊ. आहे ना?’ मग आम्ही तिघं त्या पडद्यासमोर बसून राहिलो. गिऱ्हाइकं आली, गेली. उत्तर आलं नाही. अंधाराच्या आत गावी पोचायचं म्हणून आम्ही उठलो.

गावात उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. बागेकडून ओल्या लाकडाचा वास येत होता. संत्र्याचं लाकूड तोडल्यावर गोडसर वास येतो, पहिल्यांदा ज्याला येईल त्याला आवडेलही. रशीद चाचा बांधावर बसले होते. झाडं आडवी झाली होती, आणि विहिरीजवळची जागा मोकळी होती. तिथून पलीकडचा रस्ता दिसत होता. तो तिथून कधी दिसला नव्हता. पालवी अजून सुकलीही नव्हती.

बाबा जाऊन फांदीपाशी बसले. चिंधी सोडायला लागले. गाठ दोन पावसाळ्यांची, बसली होती, बोटांनी सुटेना. चाचा मागून आले. ज्या माणसाला झाडाभोवती एका फेरीत फळांचा अंदाज यायचा, तो म्हणाला, “मायी नजर झाडावर गेलीच नाई, कंडक्टर. चिंधीवरच गेली.”

“तुमचं काही नाई, चाचा. मीच सोडली नाई,” बाबा म्हणाले. चाचा दुसऱ्या बाजूनं गाठीला हात घालून बसले. दोघांनी मिळून ती सोडवली. मी लांब उभी होते आणि रडत होते, झाडासाठी की आणखी कशासाठी, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतं. मला कळलं होतं की बाबांच्या नावाखालची गाठ अशी सोडायला कोणीच येणार नाही. बांधणाऱ्याला बांधल्याचं आठवतही नसेल.

दोन दिवसांनी कॅफेत गेलो. निखिलच्या ओळीखाली त्या माणसाचे दोन शब्द होते. ‘हाव. आहो.’ बाबांनी ते मोठ्यानं वाचलं, कॅफेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग चौकटीवर बोट ठेवून थोडा वेळ बसले. चौकट राखाडीच होती. त्यांना त्याला जय भीम करायचा होता.

पट्टी उतरायच्या आत मंचच थकला. चालवणाऱ्यांना नोकऱ्या-संसार लागले, नवं लिहिणं बंद झालं, जुनं तेवढं तसंच राहिलं. मग मोबाइल आले, गट आले, तिथं बाबा मनसोक्त सगळ्यांना भेटून यायचे आणि कोणी काही म्हणायचं नाही. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली.

चाचा अजून आहेत. परवा गावी गेले तेव्हा वरुडला जाऊन त्यांना हा प्रश्न विचारला. त्यांना आता नीट दिसत नाही. तरी बनावट औषधवाला त्यांना आठवतो, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. पट्टी झाकली तर उद्या एखादा असाच माणूस कोऱ्या नावानं कोणाच्या बागेत शिरेल. त्याला सरळ हाकलून द्यावा, असं मला वाटतं. पट्टी लावून आत ठेवायचाच कशाला? बाबा म्हणाले असते, दिसू दे, फक्त कारण लिहा. मी त्यावर खूप विचार केला. कारण लिहिलं तरी वाचणार कोण? झाडाकडे बघायची सवय असलेल्या माणसाचंही लाल रंग दिसल्यावर झाडाकडे लक्ष गेलं नाही. चाचांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, “तुया बाप असता तर भांडला असता तुयासंग.” भांडले असते. मी त्यांच्या विरुद्ध मत देणार आहे, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं असतं.

आत्ता अध्यक्षांना कळवलं. ‘दिसू नये.’ पुढे दोन ओळी जोडल्या, की इशारा देणाऱ्यानं त्या माणसाशी आधी बोलावं, आणि ठरलेल्या दिवशी तो काढायला स्वतः यावं. त्यांचं लगेच उत्तर आलं, पहिला भाग मान्य, दुसऱ्यावर चर्चा करू.

मग दरवर्षी ताणाच्या दिवसांत करते ते केलं. तो जुना मंच उघडला. पान अजून उघडतं. कोणाच्या तरी मुलीच्या पेढ्यांच्या धाग्यात, सगळ्यात खाली, बाबांचं नाव आहे. नावाखाली साठ टक्के लाल. त्याच्यापुढे ‘जय भीम. आलो होतो.’ तिथं आता कोणालाच काही लिहिता येत नाही, काढताही येत नाही. आज त्यांच्याच विरुद्ध मत देऊन बसले होते, तरी मी नेहमीसारखी पडद्यासमोर बसून मोठ्यानं म्हणाले, “जय भीम, बाबा. आले होते.”